खिडकीच्या जाळीपासून तान्ह्या पोळ्यापर्यंत: पातळ लाकडी पट्ट्या कापायची घरगुती जिग

खिडकीला मच्छरजाळी ठोकायची म्हटली की वरून दाबायला पट्टी लागते. प्लायच्या कपाटाची उघडी कड झाकायला पट्टी लागते. तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यांच्या लाकडी नंदीमागे छोटी रेंगी जोडायची तर तिच्या तळाला आणि कठड्याला पट्ट्याच लागतात. तालुक्याच्या दुकानात तयार बिडिंग मिळतं. पण जाडी दुकानदार ठेवेल ती, लाकूड तो देईल ते, आणि दहा फुटी पट्ट्या मोटरसायकलवर आडव्या धरून आणताना दोन-चार वाटेतच मोडतात. मग माणूस घरच्या कटरवर पट्ट्या काढायला बसतो. पहिली एक सुताची (साधारण तीन मिलिमीटर) निघते, दुसरी दीड सुताची, तिसरी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला कागद. आणि अधूनमधून एखादी पट्टी ब्लेडमध्ये सापडून थेट अंगावर येते.

हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे छोटा टेबल सॉ आहे किंवा टेबलाखाली उलटं बसवलेलं सात इंची कटर आहे, आणि ज्यांचा हात रंध्यावर थोडाफार बसला आहे. जिग म्हणजे दर कापाला तेच माप धरून ठेवणारं साधन. ती करायला प्लायचे तुकडे, तीन बोल्ट आणि एक बेअरिंग पुरतं. निवांत केली तरी सुटीच्या एका दिवसात होते, फक्त अरल्डाइट वाळायला मधे एक रात्र द्यायची.

आधी ही गोष्ट डोक्यात बसवा

नवा माणूस काय करतो? तीन मिलिमीटरची पट्टी हवी म्हणून गाइड (फळी जिच्या कडेने सरळ ढकलतात ती टेबलावरची आडपट्टी) ब्लेडपासून तीन मिलिमीटरवर आणून ठेवतो आणि फळी ढकलतो. पट्टी गाइड आणि ब्लेडच्या मधल्या फटीत तयार होते. तिला हलायला जागा नाही, आणि मागून ढकलायला काठीही त्या फटीत शिरत नाही. ब्लेडच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात. ते पट्टीला उचलतात आणि वरचे दात तिला तुमच्या दिशेने फेकतात. सात इंची ब्लेड म्हणजे १८४ मिमी व्यास. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर त्याच्या कडेचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने आलेली सागाची कमची पोटात शिरू शकते.

म्हणून उलटं करायचं. जाड फळी गाइडच्या बाजूला राहील आणि पातळ पट्टी ब्लेडच्या मोकळ्या बाजूला, म्हणजे डावीकडे, सुटी पडेल. पण मग प्रत्येक कापानंतर गाइड सरकवावी लागणार, आणि दर वेळी तेच माप कसं धरायचं? त्यासाठीच ही जिग. डावीकडे एक ठोकर कायमची बसवायची; आपल्या जिगमध्ये ते काम बेअरिंग करते. फळीची मोकळी कड ठोकरीला टेकेपर्यंत गाइड सरकवायची, घट्ट करायची आणि कापायचं. गाइड दर कापाला हलते, माप मात्र ठोकरीत पक्कं राहतं. मोजपट्टी परत हातात घ्यावी लागत नाही.

१. सामान गोळा करा

जिगसाठी:

- १९ मिमी प्लायचा ३०० × १५० मिमीचा तुकडा (बैठक)
- १२ मिमी प्लाय: ३२० × ५० मिमीची एक सरकपट्टी आणि २६० × ५० मिमीच्या दोन बाजूपट्ट्या
- सागाचा किंवा बाभळीचा ४० मिमी जाड, १५० मिमी लांब ठोकळा
- ६०८ नंबरची बेअरिंग (आतून ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७). मोटर वाइंडिंगवाल्याकडे विचारा.
- ८ मिमीचा ४० मिमी लांब बोल्ट, नट, दोन छोटे वॉशर
- ६ मिमीचा ५० मिमी लांब बोल्ट, वॉशर आणि हाताने फिरणारा विंग नट
- ६ मिमीचा १०० मिमी लांब, पूर्ण आटे असलेला बोल्ट आणि दोन नट
- दोन सी-क्लॅम्प, फेविकॉल, अरल्डाइट, स्क्रू

हत्यारं: ड्रिल, गुण्या, पटाशी, रंधा, स्टीलची एक फुटी पट्टी, १० आणि १३ चे पाने. शक्य असेल तर व्हर्नियर कॅलिपर घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा चालतो. मिलिमीटरचा दहावा भाग टेपवर दिसत नाही.

६ मिमीचाच बोल्ट का, हे लक्षात ठेवा. नेहमीच्या ६ मिमी बोल्टचे आटे १ मिमी अंतरावर असतात. म्हणजे बोल्टचा एक पूर्ण फेरा झाला की तो बरोबर १ मिमी पुढे किंवा मागे जातो, आणि पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. माप धरायचं यंत्र दोन-चार रुपयांच्या बोल्टमध्ये तयार मिळतं. दुकानदाराने ८ चा बोल्ट दिला तर परत करा, त्याचे आटे सव्वा मिलिमीटरचे असतात आणि हिशेब अवघड होतो.

२. लाकूड आणि कागद

विदर्भात सागाची कमतरता नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलेलं सागवान बल्लारशाच्या डेपोतलं होतं. आपल्याला तसला माल नको. आरा मशीनवर चौकटीच्या कामातून उरलेले चार इंची, पाऊण-एक इंच जाडीचे तुकडे उत्तम. शिवण हलकं आणि सरळ असतं, खेळण्यांना छान. बिजा देखणा आहे, पण ओला झाला की पिवळा रंग सोडतो, त्यामुळे पांढऱ्या भिंतीवरच्या खिडकीला तो लावू नका.

फळी निवडताना नस सरळ आहे ना ते बघा. पट्टी एक सुताची असेल तर नस थोडी तिरकी गेली तरी पट्टी तिथेच तुटते. गाठ असलेला भाग आधीच कापून टाका. पातळ पट्टीतली गाठ कापतानाच निसटते आणि उडते.

जुन्या घराचे मयाल किंवा दांड्या स्वस्तात मिळाल्या असतील तर त्या सोन्यासारख्या वाळलेल्या असतात, पण आत खिळे असतात. वरून डोकं तुटलेला, गंजून लाकडाच्या रंगाचा झालेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या बाजूंवरून फिरवा. जिथे दोरा ओढला जाईल तिथे पटाशीने उकरून बघा.

कागदांबद्दल थोडक्यात. लाकूड विकत घेतलं तर पावती जपून ठेवा. धुऱ्यावरचं सागाचं झाड स्वतःचं असलं तरी ते तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, लागतो. अर्जाला सातबारा जोडावा लागतो. ‘आपलंच तर आहे’ म्हणत ट्रॅक्टरमध्ये टाकून निघालात तर नाक्यावर ट्रॅक्टरही अडकतो.

३. टेबल आणि वीज: इथे घाई नको

टेबल सॉ तयार घेतलेला असेल तर हा भाग अर्धा वाचला तरी चालेल. उलटं बसवलेलं हँड कटर असेल तर पूर्ण वाचा. हातात धरून चालवायचं यंत्र टेबलाखाली बसवताना त्याचं खालचं झाकण उघडं बांधावं लागतं. बनवणाऱ्याने दिलेलं संरक्षण आपण तिथेच काढून टाकतो. तरी गावोगावी असंच चालतं, म्हणून निदान पुढची काळजी घ्या.

कटर कोणत्या तोंडाने बसवलं आहे ते तपासा. तुम्ही उभे राहता त्या बाजूला मशीनचं पुढचं टोक हवं आणि मूठ पलीकडे. ब्लेड फिरताना वरचे दात तुमच्याकडे येऊन खाली टेबलात शिरताना दिसले पाहिजेत. उलट दिसले तर मशीन लाकूड तुमच्या हातातून ओढून नेईल.

आता वीज. टेबलाखालच्या कटरचा खटका लोक प्लास्टिकच्या टायने कायमचा दाबून ठेवतात आणि भिंतीवरच्या बटनाने मशीन चालू-बंद करतात. आपल्याकडे लाइन जाण्यायेण्याला वेळापत्रक नाही. कापता कापता लाइन गेली. मशीन थांबलं. तुम्ही ब्लेडजवळ अडकलेला तुकडा काढायला हात घातला, आणि लाइन आली. यापेक्षा वाईट प्रसंग या कामात दुसरा नाही.

उपाय तुमच्या वावरात आहे. मोटरपंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं की मोटर चालू होते आणि लाइन गेली की स्टार्टर पडतो. लाइन आल्यावर परत बटन दाबल्याशिवाय मोटर चालत नाही. कटरला असाच स्टार्टर किंवा नो-व्होल्ट स्विच बसवा. दोन सूचना आहेत. पहिली, पडलेला थ्री-फेजचा जुना स्टार्टर उचलून लावू नका. त्याची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते आणि घरच्या सिंगल फेजवर ती ओढतच नाही. २३० व्होल्टच्या कॉइलचा मागा. दुसरी, रात्रीच्या पाण्यासाठी मोटरीला ‘ऑटो’, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच, लावायची सवय आपल्याकडे आहे. लाकडाच्या मशीनला ऑटो चुकूनही नको.

कटर साधारण १,२०० ते १,४०० वॅटचं असतं, म्हणजे ५-६ अँपिअर ओढतं. मोबाईल चार्जरच्या बोर्डात ते लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट घ्या. घरातून अंगणात वायर ओढायची तर २.५ चौरस मिमीची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मशीन दमतं, ब्लेड लाकडात अडकतं आणि मोटर जळते. पट्ट्यांचं काम सकाळी करा. लाइनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, असेल तर फार बरं.

ब्लेड २४ ते ४० दातांचं टंगस्टन टोकाचं. साठ दातांचं ब्लेड प्लायला ठीक, पण उभं चिरताना भुसा बाहेर टाकत नाही आणि लाकूड जाळतं. ब्लेडवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. आणि कोणी काहीही सांगो, ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावू नका. ग्राइंडरचा वेग दुपटीहून जास्त असतो. अशा मशीनने बोटं गेलेले लोक कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात भेटतात.

टेबलातली ब्लेडची फट अरुंद हवी. रुंद फटीत पातळ पट्टी वाकून आत जाते आणि मशीनच्या पोटात तिचे तुकडे होतात. फट मोठी झाली असेल तर वरून ६ मिमी प्लायचा नवा पृष्ठभाग पक्का करा. मशीन चालू ठेवून ब्लेड हळूहळू वर आणा, म्हणजे ते स्वतःपुरतीच फट कापून घेईल. ब्लेड जिथून वर येणार तिथून क्लॅम्प, स्क्रू आणि हात लांब ठेवा.

ब्लेडच्या मागे, त्याच रेषेत, बोटभर अंतराच्या आत एक उभी जीभ बसवा. कापाच्या जाडीपेक्षा किंचित पातळ तासलेली पक्क्या बांबूची कमची पुरते. टेबलाच्या वर ती इंचभर उभी राहावी. कापलेलं लाकूड मागे मिटून ब्लेडला चिमटा काढतं, ते या कमचीमुळे थांबतं.

४. बैठक आणि सरकपट्टी

बैठकीवर दोन बाजूपट्ट्या फेविकॉल आणि स्क्रूने अशा बसवा की मधे ५० मिमीचा गाळा राहील. सरकपट्टी गाळ्यात ठेवूनच बाजूपट्ट्या चिकटवा आणि मधे वहीचा एकेक कागद घाला. कागद काढला की पट्टी न डुलता सरकते. पावसाळ्यात प्लाय फुगतो, म्हणून कडांना मेण घासा. मेणबत्तीचा तुकडा चालतो. तेल लावू नका, ते लाकडाला लागतं आणि पुढे पॉलिश धरत नाही.

सरकपट्टीच्या मधोमध ७ मिमी रुंद, १०० मिमी लांब खाच पाडा. दोन टोकांना भोकं पाडून मधलं पटाशीने काढलं की झालं. बैठकीला खालून ६ मिमीचा ५० मिमी लांब बोल्ट वर आणा. त्याचं डोकं खालच्या बाजूने लाकडात बुडवा, नाहीतर बैठक टेबलावर डगमगेल. बोल्ट खाचेतून वर येतो आणि त्यावर वॉशर व विंग नट बसतो. नट आवळला की सरकपट्टी जागच्या जागी घट्ट.

सरकपट्टीच्या उजव्या टोकाला, टोकापासून ८ मिमीवर मध्य धरून, ८ मिमीचं भोक पाडा. बेअरिंग पट्टीच्या खालच्या बाजूला बसवायची. खालून क्रम असा: बोल्टचं डोकं, बेअरिंग, छोटा वॉशर, प्लाय, वॉशर, नट. मधला वॉशर बेअरिंगच्या फक्त आतल्या कड्याला टेकला पाहिजे. मोठा वॉशर घातला की बेअरिंग फिरायची थांबते आणि मग ती लाकडावर नुसती घासते. नीट बसली तर बेअरिंग प्लायच्या टोकाच्या ३ मिमी पुढे दिसेल आणि बोल्टचं डोकं टेबलापासून चार-पाच मिमी वर राहील. बैठक १९ मिमीची घेतली ती एवढ्यासाठीच. १२ मिमीची घेतलीत तर बोल्ट टेबलावर घासेल.

५. माप धरायचा बोल्ट

बैठकीच्या डाव्या टोकाला ठोकळा पक्का करा. बैठकीच्या पृष्ठभागापासून ६ मिमी उंचीवर, सरकपट्टीच्या मध्यासमोर, आरपार भोक पाडा. ठोकळ्याच्या बाहेरच्या बाजूला ६ मिमीचा नट बुडेल एवढा खड्डा पटाशीने कोरा आणि नट अरल्डाइटने बसवा. चिकटवताना बोल्टला थोडं मेण लावून तो नटातून घालून ठेवा, म्हणजे नट सरळ बसतो आणि आट्यांत अरल्डाइट जात नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नका.

आता लांब बोल्टचं टोक सरकपट्टीच्या मागच्या टोकाला टेकतं. बोल्ट आत फिरवला की पट्टी पुढे जाते. मागे फिरवला की जागा तयार होते आणि पट्टी हाताने मागे ओढून परत टेकवायची. प्लायवर बोल्टचं टोक रुतत जातं, म्हणून तिथे पत्र्याचा छोटा तुकडा लावा. बोल्टच्या डोक्यावर एका कोपऱ्याला नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपका वर आला की एक फेरा. उरलेला दुसरा नट बोल्टवर बाहेरून घाला. माप बसलं की तो ठोकळ्यावर आवळायचा.

६. जिग टेबलावर बसवा

हा छोटा पण जपून करायचा भाग. जिग ब्लेडच्या डावीकडे, दोन सी-क्लॅम्पने. बेअरिंग ब्लेडच्या पुढच्या दाताच्या अलीकडे, तुमच्या बाजूला, २०-२५ मिमीवर हवी. ब्लेडच्या शेजारी कधीच नको. शेजारी ठेवली तर पट्टी ब्लेड आणि बेअरिंगच्या मधे सापडेल आणि ज्या चिमट्यातून सुटायला हा सगळा खटाटोप केला तोच चिमटा दुसऱ्या बाजूला तयार होईल.

बैठक गुण्यात बसवायचा प्रयत्न करा, पण केसभर तिरकी राहिली तर घाबरू नका. मापात त्याचा फरक जाणवण्याइतका पडत नाही.

गाइड मात्र तपासा. ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून गाइडचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं, किंवा मागे अगदी किंचित जास्त चालेल. मागे कमी असेल तर फळी पाचरीसारखी आवळत जाते, लाकूड जळतं आणि मागे फेकलं जातं. गाइड दर कापाला हलणार आहे, म्हणून ती हलवल्यावरही समांतर राहते का ते दोन-तीन जागी तपासा. साध्या पट्टीची गाइड दोन क्लॅम्पने धरत असाल तर दोन्ही टोकांना टेबलावर रेघा आखून घ्या.

७. शून्य धरा

प्लग काढा. बटन बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

ब्लेड वर घ्या. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून ब्लेडच्या डाव्या बाजूच्या दातांना टेकवा, पुढच्या आणि मागच्या दोन्ही दातांना. दात ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड असतात, म्हणून पत्र्याला टेकवू नका. पट्टीचं पुढचं टोक बेअरिंगच्या पुढे आलं पाहिजे. लांब बोल्टने सरकपट्टी पुढे ढकला. बेअरिंग स्टीलला हलकेच टेकली की थांबा.

स्टीलच्या पट्टीची जाडी व्हर्नियरने मोजा. समजा ती १ मिमी भरली. म्हणजे आत्ताचं माप १ मिमी. ३ मिमीची पट्टी हवी तर बोल्ट दोन फेरे मागे घ्या, सरकपट्टी मागे ओढून बोल्टला टेकवा आणि विंग नट आवळा.

मग रद्दी लाकडावर एक काप घ्या आणि पट्टी दोन टोकांना आणि मधे मोजा. ३.२ भरली तर बोल्ट एक पंचमांश फेरा आत. एकदा जमलं की त्या पट्टीचा वीतभर तुकडा, वर माप लिहून, भिंतीला टांगून ठेवा. पुढच्या वेळी स्टीलच्या पट्टीऐवजी तोच तुकडा दातांना टेकवायचा आणि बेअरिंग त्याला भिडवायची.

८. कापा

ब्लेडची उंची फळीच्या वर ४-५ मिमी, जास्त नको. फळीची एक कड आणि एक तोंड रंध्याने सरळ करून घ्या. वाकडी कड ठोकरीला एका जागी टेकते आणि दुसऱ्या जागी नाही.

१. फळी सपाट टेबलावर, मोकळी कड बेअरिंगच्या बाजूला. मशीन बंद.
२. गाइड सरकवत फळी बेअरिंगला टेकवा. दाबायचं नाही. बेअरिंग बोटाने फिरवली तर जड फिरावी, अडकू नये. दर वेळी दाब सारखा ठेवा, सगळ्या पट्ट्या सारख्या येण्याचं खरं कारण हेच.
३. गाइड आवळा. फळी मागे घ्या.
४. मशीन चालू करा, पूर्ण वेग घेऊ द्या, मग ढकला. ब्लेडच्या रेषेत उभे राहू नका, थोडं बाजूला.
५. फळीचं टोक ब्लेडच्या पार जाईपर्यंत ढकला. अर्ध्यावर थांबलात की तिथे काळा डाग पडतो.
६. मशीन बंद. ब्लेड थांबल्यावरच पट्टी उचला.

शेवटचा वीतभर भाग हाताने नाही, ढकलायच्या लाकडाने. फूटभर लांब, चार इंच उंच ठोकळा घ्या, त्याच्या मागच्या खालच्या टोकाला ५ मिमीची टाच ठेवा आणि वर धरायला मूठ. हा ठोकळा फळीला वरून दाबतो आणि टाच मागून ढकलते. नुसत्या काठीने फळी पुढे जाते, पण मागचं टोक वर उचललं जातं. ठोकळ्याला ब्लेड लागतं, म्हणून तो फुकट जाणाऱ्या लाकडाचा करा आणि खिळा एकही ठोकू नका.

किती पट्ट्या निघतील? पट्टीच्या जाडीत ब्लेड खातं ती जाडी मिळवा. ब्लेडचा काप २.४ मिमीचा असेल तर ३ मिमीच्या पट्टीमागे ५.४ मिमी लाकूड जातं. १०० मिमीच्या फळीतून ११ पट्ट्या निघतात आणि ४० मिमी उरतं. तिथे थांबा. दीड इंचापेक्षा अरुंद तुकडा गाइड आणि ब्लेडच्या मधून नेणं म्हणजे दोन पट्ट्यांसाठी बोट पणाला लावणं. फूटभरापेक्षा आखूड तुकडाही नको. पट्टी आखूड हवी असेल तर लांब कापून मग हाताच्या करवतीने तोडा.

या पद्धतीचा एक फायदा तयार बिडिंग वापरणाऱ्यांना माहीत नसतो. प्रत्येक कापानंतर फळीच्या मोकळ्या कडेवर रंध्याचा एक हात मारा. पुढची पट्टी एका बाजूने रंधलेली निघते. रंध्याने कड किती कमी झाली याचा हिशेब ठेवायची गरज नाही, कारण माप त्या कडेपासूनच धरलं जातं. प्लायची कड झाकायला अशी पट्टी घेतली तर दर्शनी बाजूला पॉलिश पेपर फिरवायचंही काम फारसं उरत नाही.

९. अडलं तर

*पट्टी एका टोकाला पातळ:* गाइड समांतर नाही, किंवा फळीची कड वाकडी आहे. आधी कड बघा, बहुतेक वेळा तीच असते.

*पट्ट्या हळूहळू जाड होत चालल्या:* विंग नट ढिला पडला, सरकपट्टी मागे जाते. लांब बोल्टवरचा दुसरा नट आवळायचा राहिला असेल तर तोही बघा.

*पट्टी कापून निघताच धनुष्याकार वळते:* चूक जिगची नाही, लाकडाची आहे. फळीत ताण आहे किंवा ती आत ओली आहे. ती बाजूला ठेवा, जाड कामाला वापरा. नवी आणलेली फळी खाली-वर गुटके घालून सावलीत रचा, मे महिन्याच्या उन्हात नाही. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात तिची टोकं फुटतात.

*काळे डाग:* ब्लेड बोथट आहे किंवा त्यावर डिंक चढला आहे. सागात वाळूसारखा सिलिका असतो, ब्लेडची धार तो लवकर खातो. ब्लेड काढून रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसा, वाळवा, मग ठरवा धार लावायची का.

१०. अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला एन-९५ मास्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे, आणि सागाच्या भुशाने अनेकांच्या अंगावर खाज उठते. उन्हाळ्यात आपण डोक्याला आणि गळ्याला दुपट्टा बांधून फिरतो. मशीनसमोर तो उतरवून खुंटीला टांगा. हातातलं कडं, गंडा, लांब बाही काहीच नको. हातमोजेही नको, ब्लेड त्यांना धरून हात आत ओढतं. सपरीत काम करत असाल तर पोरं येण्याची वाट कुठली आहे ते बघून टेबल ठेवा. तुमचं लक्ष ब्लेडवर असतं आणि ती मागून येऊन कमरेला मिठी मारतात.

११. कापलेल्या पट्ट्या

पट्ट्या सुट्या ठेवल्या की दोन दिवसांत वाकतात. ज्या क्रमाने फळीतून निघाल्या त्याच क्रमाने एकावर एक रचा, दोन्ही टोकांना आणि मधे सुतळी बांधा आणि सपाट जागी ठेवा. भिंतीला उभ्या टेकवू नका. क्रम राखला तर नसही जुळते, आणि खिडकीच्या चारही बाजूंना एकाच लाकडाचा रंग येतो.

जाळीला ठोकताना पट्टी फुटू नये म्हणून आधी खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडा. ड्रिलला एवढी बारीक बिट नसेल तर त्याच खिळ्याचं डोकं तोडून तो ड्रिलमध्ये बसवा, काम होतं. टोकापासून इंचभर आत ठोका.